बटण माझं, कोड माझा, मग 'प्रायव्हेट' का चालत नाही?

आमच्या टीममध्ये नुकताच रुजू झालेला एक मुलगा परवा संध्याकाळी उघडा लॅपटॉप तसाच हातात धरून माझ्या टेबलाशी आला. स्क्रीनवर पिवळ्या चौकटीतला तो ओळखीचा मजकूर होता. सर्व्हर एरर, खाली 'सीएस०१२२' हा चुकीचा क्रमांक, आणि त्याच्या मेथडचं, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचं, नाव. "मॅडम, मी फक्त एक शब्द बदलला. 'प्रोटेक्टेड' होतं, त्याचं 'प्रायव्हेट' केलं. बाहेर कुणाला लागत नाही ते प्रायव्हेट ठेवायचं, असंच कॉलेजात शिकवलंय. ही मेथड दुसरं कुणी वापरतच नाही. मग ओरडतंय कोण?"

प्रश्न अगदी नेमका होता. कॉलेजात शिकवलेलंही चूक नव्हतं. फक्त त्याच्या मेथडचं नाव घेणारं आणखी कुणीतरी होतं, आणि ते त्याला दिसत नव्हतं. ते कोण हे एकदा कळलं की वेब प्रोग्रॅमिंगमधल्या बऱ्याच गाठी सुटतात. म्हणून जरा बैजवार लिहिते.

हा कोड एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समधला होता. मायक्रोसॉफ्टने २००२ च्या सुरुवातीला आणलेलं हे तंत्र. ब्राउझरमधल्या पत्त्याच्या शेवटी 'एएसपीएक्स' दिसलं की समजावं, आत वेब फॉर्म्स आहे. मायक्रोसॉफ्टने ते नव्या डॉट नेटमध्ये आणलं नाही, पण जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कवर ते आजही चालतं, आणि असा कोड सांभाळणारे हातही भरपूर लागतात. नव्याने नोकरीला लागलेल्यांच्या वाट्याला पहिल्यांदा बहुधा हाच कोड येतो.

आधी शब्दांची ओळख

इव्हेंट म्हणजे घडलेली घटना. कुणी बटण दाबलं, यादीतलं नाव निवडलं, पान उघडलं. हँडलर म्हणजे ती घटना घडली की चालणारी मेथड. दाराची बेल वाजली हा इव्हेंट, आणि उठून दार उघडणं हा हँडलर. बेलचं बटण दाराबाहेर आणि घंटा घरात, म्हणजे मधे वायर हवीच. प्रोग्रॅममध्येही 'हे बटण दाबलं की ही मेथड चालव' अशी जोडणी कुठेतरी लिहावी लागते. तिलाही वायरिंगच म्हणतात. ही वायर कोण जोडतं आणि कुठे उभं राहून जोडतं, सगळा खेळ तिथे आहे.

राहिला ॲक्सेस मॉडिफायर. मेथडच्या आधी लिहिलेला हा शब्द त्या मेथडचं नाव कोणी घ्यायचं ते ठरवतो. जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. 'पब्लिक' म्हणजे ओसरी, कुणीही यावं, टेकावं. 'इंटर्नल' म्हणजे मागच्या अंगणातली विहीर. वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांची, पण रस्त्यावरच्याची नाही. प्रोग्रॅममध्ये वाडा म्हणजे एक डीएलएल फाइल, जिला असेंब्ली म्हणतात. 'प्रोटेक्टेड' म्हणजे माजघर. घरच्यांचं आणि त्यांच्या लेकीबाळींचं. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तरी माहेरी आली की थेट माजघरात जाते. आणि 'प्रायव्हेट' म्हणजे आईच्या कपाटातला चोरकप्पा. त्याची किल्ली लेकीकडेही नसते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण नवशिक्यांची अर्धी फजिती तिच्यामुळे होते. सी शार्पमध्ये, म्हणजे हा कोड ज्या भाषेत लिहिलाय तिच्यात, मेथडच्या आधी काहीच लिहिलं नाही, तर ती प्रायव्हेट धरली जाते. घाईत नुसतं 'व्हॉइड सेव्ह_क्लिक' लिहिलंत, तर न सांगता तुम्ही ती चोरकप्प्यात टाकलीत.

एक पान, दोन फायली, आई आणि लेक

वेब फॉर्म्सचं एक पान दोन फायलींत राहतं. एकीत दिसणं असतं: रकाने, बटणं, मजकूर. ही एएसपीएक्स फाइल. दुसरीत वागणं असतं: बटण दाबल्यावर काय करायचं, माहिती कुठे जतन करायची. ही कोड-बिहाइंड फाइल, आपला सी शार्प कोड हिच्यात. दोन्ही फायली शेजारी शेजारी दिसतात, नावंही सारखी असतात. त्यामुळे सगळ्यांना वाटतं की हे एकाच वस्तूचे दोन भाग आहेत.

तसं नाही. कोड-बिहाइंडमध्ये तुम्ही लिहिता तो एक क्लास, म्हणजे एकत्र बांधलेल्या मेथडींचा गठ्ठा. एएसपीएक्स फाइल वाचून एएसपी डॉट नेट स्वतः दुसरा एक क्लास तयार करतं, आणि तो तुमच्या क्लासपासून जन्मलेला असतो. एएसपीएक्सच्या पहिल्याच ओळीत 'इन्हेरिट्स' असा शब्द असतो. आपण तो रोज पाहतो आणि रोज ओलांडून पुढे जातो. त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा: हे पान अमुक क्लासचा वारसा घेतं. तुमचा क्लास आई, पान तिची लेक. ब्राउझरकडून मागणी आली की सर्व्हर उभं करतो ते लेकीला. लेकीच्या अंगात आईचे गुण असतात, म्हणून तुमचा कोड चालतो.

आता बटणाकडे बघा. बटणाच्या टॅगवर, म्हणजे पानात बटण मांडणाऱ्या ओळीवर, 'ऑनक्लिक' लिहून पुढे 'सेव्ह_क्लिक' हे नाव दिलेलं असतं. हा टॅग एएसपीएक्समध्ये, म्हणजे लेकीच्या घरात. पान कंपाइल होताना, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलताना, या टॅगमधून खरोखरीचा सी शार्प कोड तयार होतो. मी त्या मुलाला सर्व्हरवरचं 'टेम्पररी एएसपी डॉट नेट फाइल्स' हे फोल्डर उघडून दाखवलं. विचित्र नावांच्या उपफोल्डरांतून शोधत शोधत आम्ही त्याच्या पानाच्या फायलीपर्यंत पोचलो. क्लासचं नाव त्याच्या फायलीच्याच नावाचं, फक्त टिंबाच्या जागी अंडरस्कोर. त्यात बटण तयार करणारी एक मेथड, आणि तिच्यात ही ओळ, देवनागरीत लिहायची तर अशी:

कंट्रोल.क्लिक += न्यू इव्हेंटहँडलर(धिस.सेव्ह_क्लिक);

"हे मी लिहिलेलं नाही," तो म्हणाला. बरोबर आहे, त्याने लिहिलेलं नव्हतंच. पण ही ओळ 'धिस' म्हणते, आणि इथे धिस म्हणजे लेक. लेक आईच्या मेथडचं नाव घेते आहे. ती मेथड प्रोटेक्टेड असेल तर माजघरात जाऊन घेते, प्रायव्हेट असेल तर चोरकप्प्याला कुलूप. ओरडत होता तो ही ओळ वाचणारा कंपायलर.

बिल्ड तर बिनचूक झालं होतं, मग पान का फुटलं?

"पण मॅडम, व्हिज्युअल स्टुडिओत बिल्ड सक्सीडेड आलं होतं." व्हिज्युअल स्टुडिओ म्हणजे आम्ही कोड लिहितो तो एडिटर. हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि खरं नुकसान होतं ते इथेच.

वेब ॲप्लिकेशन प्रकारच्या प्रोजेक्टमध्ये बिल्डचं बटण दाबलं की फक्त तुमच्या सी शार्प फायली कंपाइल होतात. म्हणजे फक्त आई. लेक जन्मते नंतर, सर्व्हरवर, कुणीतरी ते पान पहिल्यांदा उघडल्यावर. तोवर एएसपीएक्समधला 'ऑनक्लिक' नुसता मजकूर असतो, त्यात चूक आहे की नाही हे कुणी पाहिलेलंच नसतं. चूक बाहेर येते ती पहिल्या वापरकर्त्यासमोर.

हा अनुभव मीही घेतला आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पात जुना कोड झाडूनपुसून स्वच्छ करण्याचं काम माझ्याकडे होतं. एडिटर बऱ्याच मेथडींच्या डोक्यावर 'शून्य रेफरन्सेस' असं दाखवत होता. ज्यांचं नाव कुणीच घेत नाही त्या उघड्यावर कशाला, म्हणून मी त्या प्रायव्हेट करत गेले. चाचणीच्या यादीतली पानं उघडून पाहिली, सगळी चालली. शुक्रवारी संध्याकाळी ते सर्व्हरवर चढलं. यादीत नसलेलं एक पान सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास कुणीतरी उघडलं आणि फोन सुरू झाले. एडिटर खोटं बोलत नव्हता. त्याने मोजलं होतं ते आईच्या घरात. लेकीच्या घरात तो डोकावलाच नव्हता.

तेव्हापासून मी पानं आधीच कंपाइल करून घेते. प्रकाशित करताना 'प्रीकम्पाइल' असा पर्याय असतो, आणि त्यासाठी 'एएसपीनेट कंपायलर' नावाचं साधनही डॉट नेट फ्रेमवर्कसोबतच येतं. ते प्रत्येक एएसपीएक्स वाचतं, लेकींना आधीच जन्माला घालतं, आणि चूक असेल तर ती आपल्या टेबलावरच दिसते. मिनिट-दोन मिनिटं जास्त लागतात, पण ती सोमवारची सकाळ टळते.

चूक वाचतानाही एक खूण लक्षात ठेवा. सीएस०१२२ म्हणजे मेथड आहे, पण हात पोचत नाही. सीएस१०६१ म्हणजे त्या नावाची मेथडच सापडली नाही, म्हणजे बहुधा स्पेलिंग चुकलं किंवा कुणीतरी ती उडवली. दोन्हींचा पिवळा चेहरा सारखाच, पण औषध वेगळं.

"पण जुन्या कोडमध्ये प्रायव्हेट हँडलर चालायचे"

ही शंका अनुभवी लोक काढतात, आणि ती खरी आहे. व्हिज्युअल स्टुडिओ २००३ मध्ये तयार झालेलं पान उघडून पाहा. तिथे हँडलर सरसकट प्रायव्हेट आहेत आणि ते बिनतक्रार चालतात.

फरक वायर कोण जोडतं याचा आहे. त्या काळी व्हिज्युअल स्टुडिओ कोड-बिहाइंडमध्येच, 'इनिशियलाइझ कंपोनंट' नावाच्या मेथडमध्ये, वायरिंगच्या ओळी लिहून ठेवायचा. 'अधिक-बरोबर' चिन्ह तेच, हँडलरचं नावही तेच, पण ओळ आईच्या घरात. आई स्वतःच्याच चोरकप्प्यात हात घालत होती, तिला कोण अडवणार? नोव्हेंबर २००५ मध्ये डॉट नेट २.० आणि व्हिज्युअल स्टुडिओ २००५ आले, तेव्हा वायरिंग एएसपीएक्समधल्या 'ऑनक्लिक'मध्ये हलवलं गेलं. वायर जोडण्याचं काम लेकीकडे गेलं, आणि त्याच वेळी व्हिज्युअल स्टुडिओ आपण होऊन तयार करतो त्या हँडलरांपुढचा शब्द प्रोटेक्टेड झाला.

तो बदल चांगलाच होता, असं माझं मत आहे. २००३ च्या आवृत्तीत डिझाइन दृश्य आणि कोड यांच्यात ये-जा करताना वायरिंगच्या ओळी कधीकधी गुपचूप गळून जायच्या. बटण दिसायचं, दाबलं जायचं, आणि काहीच व्हायचं नाही. ज्यांनी त्यात रात्री घालवल्या आहेत त्यांना 'ऑनक्लिक' टॅगवरच दिसण्याची किंमत कळते.

आता यातला खरा कुतूहलाचा मुद्दा. हँडलर प्रायव्हेट असताना बटण त्याला हाक मारतं तरी कसं? बटणाचा क्लास मायक्रोसॉफ्टने लिहिलेला, आपल्या घराशी त्याचं काही नातं नाही. तरीही चालतं.

समजा माझा फोन नंबर कुठल्याही यादीत नाही. तुम्ही तो शोधून काढू शकत नाही. पण मी स्वतः तो चिठ्ठीवर लिहून तुमच्या हातात दिला, तर तुम्ही मला फोन लावू शकता. नंबर गुप्त आहे का, हे फोन लावताना कुणी विचारत नाही. वायरिंगच्या ओळीत नेमकं हेच होतं. 'न्यू इव्हेंटहँडलर' ही ती चिठ्ठी, तिला डेलिगेट म्हणतात. चिठ्ठी लिहिणाऱ्याला नंबर माहीत असला पाहिजे. चिठ्ठी घेऊन फोन लावणारा कुणीही असू शकतो.

म्हणजे प्रायव्हेट, प्रोटेक्टेड ही बंधनं नाव लिहिण्यावर आहेत. हाक मारण्यावर नाहीत. त्या मुलाच्या मनात हाक मारणारा म्हणजे बटण होतं, आणि बटणाला परवानगी हवी असती तर प्रोटेक्टेडनेही भागलं नसतं, कारण बटण काही आपली लेक नाही. परवानगी हवी आहे चिठ्ठी लिहिणाऱ्याला.

व्हीबीवाल्यांना हे कोडं का पडलं नाही

व्हीबी डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या भाषेत मेथडच्या शेवटी 'हँडल्स' असा शब्द लिहून 'ही मेथड त्या बटणाच्या क्लिकसाठी' असं आईच्या घरातच सांगता येतं. सी शार्पमध्ये ही सोय नाही. शिवाय व्हीबीत काही लिहिलं नाही तर मेथड पब्लिक धरली जाते, सी शार्पच्या नेमकं उलट. त्यामुळे व्हीबी करत आलेली माणसं सी शार्पवर आली की पहिल्याच आठवड्यात या दगडाला ठेचकाळतात.

'पेज_लोड'ची गोष्ट आणखी निराळी. त्याचं नाव आपण एएसपीएक्समध्ये कुठेही लिहीत नाही. 'ऑटो इव्हेंट वायरअप' चालू असेल तर एएसपी डॉट नेट पान चालवताना या ठरावीक नावाची मेथड आहे का, हे स्वतः शोधून पाहतं. कंपायलर मध्ये येतच नाही. म्हणून तिथे 'पेज_लोड'च्या ऐवजी चुकून 'पेज_लाड' लिहिलंत तर पिवळं पान येणार नाही, एररही येणार नाही. मेथड फक्त चालणार नाही. अशी मुकी चूक शोधायला पिवळ्या पानाच्या दसपट वेळ लागतो.

मग पब्लिक करून मोकळं का होऊ नये?

चालेल. पब्लिक हँडलरवर कंपायलरची काही हरकत नसते.

माझी हरकत माणसांच्या सवयीवर आहे. पब्लिक मेथड दिसली की कुणीतरी ती दुसरीकडून बोलावतं. मास्टर पेजवरून (अनेक पानांचा सामाईक साचा), दुसऱ्या क्लासमधून, 'सेव्ह_क्लिक(नल, नल)' असं लिहून. ना बटण दाबलं, ना इव्हेंट घडला, तरी हँडलर चालला. मग सहा महिन्यांनी हँडलरमध्ये कुणी 'कोणतं बटण दाबलं' हे सेंडरवरून, म्हणजे इव्हेंट पाठवणाऱ्यावरून, विचारायला जातं, आणि नल, म्हणजे रिकामी जागा, हातात येते. दोन ठिकाणांहून तेच काम हवं असेल तर ते काम वेगळ्या मेथडमध्ये काढावं. हँडलरने बटणापुरतं बघावं आणि पुढे त्या मेथडला हाक मारावी. ती वेगळी मेथड याच क्लासपुरती असेल तर खुशाल प्रायव्हेट ठेवा. कॉलेजात शिकवलेलं तिथे तंतोतंत लागू होतं.

इंटर्नलचं काय? वेब ॲप्लिकेशन प्रोजेक्टमध्ये लेक वेगळ्या वाड्यात जन्मते. तुमच्या कोडची डीएलएल वेगळी, पानांची वेगळी. म्हणून विहिरीचं पाणी तिला मिळत नाही. सी शार्प ७.२ पासून 'प्रायव्हेट प्रोटेक्टेड' असाही एक जोडशब्द आहे. त्याला लेकही हवी आणि वाडाही तोच हवा, म्हणून तोही इथे अडतो. 'प्रोटेक्टेड इंटर्नल' मात्र दोघांपैकी एक असलं तरी चालवून घेतं, म्हणून तो पास होतो. यातला कुठलाही मुद्दाम वापरायची गरज मला आजवर पडलेली नाही.

"प्रोटेक्टेड म्हणजे सुरक्षित ना?"

या प्रश्नावर मला थोडं थांबायचं आहे, कारण इथली गैरसमजूत लोकांच्या माहितीवर बेतू शकते.

'प्रोटेक्टेड' या शब्दाचा अर्थ संरक्षित असा होतो खरा. पण इंटरनेटवरून येणाऱ्या माणसाशी त्याचा काडीचा संबंध नाही. ब्राउझरमध्ये पोचलेल्या एचटीएमएलमध्ये सर्व्हरवरच्या हँडलरचं नाव कुठेच नसतं. पानावर उजवं क्लिक करून सोर्स पाहा, 'सेव्ह_क्लिक' सापडणार नाही. बटण दाबलं की ब्राउझर फॉर्मची माहिती आणि कोणतं बटण दाबलं एवढंच पाठवतो. याला पोस्टबॅक म्हणतात. सर्व्हर ते बटण शोधतो, बटणाकडची चिठ्ठी काढतो आणि फोन लावतो. हँडलर प्रायव्हेट असो, प्रोटेक्टेड असो वा पब्लिक, बाहेरच्या माणसाच्या दृष्टीने तिळमात्र फरक पडत नाही.

एक उदाहरण घ्या. रजेचे अर्ज मंजूर करण्याचं पान आहे. 'मंजूर करा' हे बटण साहेबांनाच दिसायला हवं, म्हणून कुणीतरी ते लिपिकांच्या स्क्रीनवर स्टाइलशीटने लपवलं, 'डिस्प्ले नन' करून. हँडलर प्रोटेक्टेड आहे, बटण दिसत नाही, म्हणून सगळे निश्चिंत. पण बटण एचटीएमएलमध्ये आहेच. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडली, ती एक ओळ खोडली, बटण समोर येतं. दाबलं की रजा मंजूर. यासाठी कुणी मोठा हॅकर लागत नाही. कॉम्प्युटरची थोडी आवड असलेलं शाळकरी पोर हे दहा मिनिटांत करेल.

सर्व्हरवरच बटणाचं 'व्हिजिबल' फॉल्स केलं तर ते पानात उतरतच नाही. एएसपी डॉट नेट २.० पासून इव्हेंट व्हॅलिडेशन नावाची तपासणीही आहे. पानात न उतरलेल्या बटणाच्या नावाने कुणी पोस्टबॅक पाठवला तर ती अडवते. पण ही तपासणी कधीतरी त्रास देते म्हणून 'एनेबल इव्हेंट व्हॅलिडेशन' फॉल्स करून टाकणारेही मी पाहिले आहेत. तेव्हा या कशावरही विसंबू नका. हँडलरच्या पहिल्याच ओळीत विचारा: आत्ता लॉग-इन असलेल्या माणसाला हे करायचा अधिकार आहे का? नसेल तर तिथूनच परत. हे काम कुठलाही ॲक्सेस मॉडिफायर तुमच्यासाठी करणार नाही.

आणि आता उलटी बाजू. मायक्रोसॉफ्टनेच २००९ मध्ये एएसपी डॉट नेट एमव्हीसी हे वेब पानं बनवायचं दुसरं तंत्र आणलं, आणि तिथे पब्लिक या शब्दाचा अर्थ खरोखर 'जगाला खुलं' असा झाला. एमव्हीसीत कंट्रोलर नावाचा क्लास असतो, आणि त्यातली प्रत्येक पब्लिक मेथड ब्राउझरच्या पत्त्यावरून बोलावता येते असं धरलं जातं. वेब फॉर्म्सच्या सवयीने कुणी कंट्रोलरमध्ये एखादी मदतनीस मेथड पब्लिक ठेवली आणि तिचं नाव 'डिलीट ऑल' असलं, तर पत्ता टाइप करणारा कुणीही ती चालवू शकतो. तिथे मदतनीस मेथड प्रायव्हेटच हवी, आणि पब्लिक ठेवणं भागच असेल तर तिच्यावर 'नॉन ॲक्शन' ही खूण लावावी. शब्द तोच, भाषा तीच, कंपनी तीच. पण एका ठिकाणी पब्लिक म्हणजे इतर प्रोग्रॅमरांसाठी ओसरी, आणि दुसऱ्या ठिकाणी रस्त्याला लागून असलेलं उघडं दार.

"आम्ही तर नव्या तंत्रात काम करतो"

आई-लेकीची ही गोष्ट नव्या तंत्रांतही फिरून फिरून येते. ब्लेझर हे मायक्रोसॉफ्टचंच नवं तंत्र. त्याच्या नमुना प्रोजेक्टमध्ये आकडा वाढवणारं एक बटण असतं, आणि त्याचा हँडलर चक्क प्रायव्हेट आहे. तो चालतो, कारण तिथे दिसणं आणि वागणं मिळून एकच क्लास होतो. आई-लेक हे नातंच नाही. पण सुरुवातीच्या ब्लेझरमध्ये कोड वेगळ्या फायलीत ठेवायचा तर त्यासाठी एक मूळ क्लास करून त्याचा वारसा घ्यावा लागे, आणि तेव्हा लोक तिथेही प्रोटेक्टेडच लिहीत होते. डिसेंबर २०१९ मध्ये डॉट नेट कोअर ३.१ आलं आणि एकच क्लास दोन फायलींत लिहायची सोय, म्हणजे पार्शल क्लास, तिथे मिळाली. मग प्रायव्हेट पुन्हा चालू लागलं.

अँग्युलर हे वेब पानं बनवायचं तंत्र गूगलचं, भाषा टाइपस्क्रिप्ट. तिथे टेम्प्लेट (पानाचं दिसणं लिहिलेला भाग) आणि क्लास यांचं नातं वेगळंच आहे, तरी प्रश्न तोच पडतो: टेम्प्लेटला क्लासमधलं कोणतं नाव घेता यावं? बरीच वर्षं उत्तर होतं, फक्त पब्लिक. त्यामुळे केवळ टेम्प्लेटसाठी असलेल्या मेथडी सगळ्या जगासमोर उघड्या ठेवाव्या लागत. नोव्हेंबर २०२२ मधल्या १५ व्या आवृत्तीपासून टेम्प्लेटला प्रोटेक्टेड नावंही घेता येतात. प्रायव्हेट अजून नाही.

आणि नुसती जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनाही हाच चटका बसतो, फक्त तिथे हा शब्द कुणी उच्चारत नाही. बटणावर 'ऑनक्लिक' लिहून 'सेव्ह()' दिलेलं असतं आणि सगळं सुरळीत चालू असतं. मग कुणीतरी स्क्रिप्टच्या टॅगवर 'टाइप मॉड्यूल' असं लिहितं, आणि कन्सोलमध्ये लाल ओळ येते: सेव्ह इज नॉट डिफाइन्ड. फंक्शन डोळ्यांसमोर आहे, फाइलही लोड झाली आहे. पण मॉड्यूलमधली नावं मॉड्यूलच्या चार भिंतींत राहतात, आणि एचटीएमएलमधला 'ऑनक्लिक' भिंतीबाहेर उभा राहून नाव घेतो. उपाय २००३ च्या कोडसारखाच: मॉड्यूलच्या आतूनच बटण शोधायचं आणि 'ॲड इव्हेंट लिसनर'ने चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची.

त्या मुलाने परवा प्रायव्हेटचं पुन्हा प्रोटेक्टेड केलं, पान उघडलं, बटण दाबलं, चाललं. मग तो घरी जायच्या ऐवजी अर्धा तास त्या टेम्पररी फोल्डरमध्येच रमला होता. जाताना त्याने विचारलं, "रजेच्या अर्जाचं ते पान आपल्याकडे पण आहे ना? त्यातलं बटण कसं लपवलंय?" सकाळी येऊन आम्ही दोघांनी मिळून ते पाहिलं. डिस्प्ले ननच होतं. दुपारपर्यंत हँडलरच्या पहिल्या ओळीत अधिकाराची तपासणी बसली.